मुकी चिप आणि मध्यस्थ बोर्ड : दोषशोधनाची शास्त्रोक्त रीत

अटमेगा ३२८पी ही २८ पायांची चिप दुकानातून सुटी आणली, की तिच्या पोटात काहीच नसते. आर्डुइनो ऊनो बोर्डावर हीच चिप बसवलेली असते, पण तिच्यात बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम आधीच भरलेला असल्यामुळे यूएसबीतून आलेला मजकूर ती आपला आपण उतरवून घेते. कोऱ्या चिपला ती अक्कल नसते. तिच्यात पहिले अक्षर बाहेरूनच, आयएसपी पद्धतीने, चार तारांवरून लिहावे लागते. या कामासाठी यूएसबीएएसपीसारखी छोटी, स्वस्त उपकरणे मिळतात आणि ती बहुधा मुकाट्याने काम करतात, त्यामुळे त्यांच्यापासून शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. प्रस्तुत रीत त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या घरात एक ऊनो पडून आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांचा रविवार मोकळा आहे.

ऊनोला प्रोग्रॅमर बनवणारे स्केच, म्हणजे आर्डुइनोचा प्रोग्रॅम, रँडल बोन यांनी लिहिले असून आर्डुइनोच्या उदाहरणांच्या यादीत ते ‘आर्डुइनोआयएसपी’ या नावाने सापडते. ते आधी ऊनोवर नेहमीप्रमाणे चढवावे. मग जोडणी. ऊनोची १० क्रमांकाची पिन कोऱ्या चिपच्या १ क्रमांकाच्या पायाला, म्हणजे रिसेटला; ११ ही १७ ला (मोसी), १२ ही १८ ला (मिसो) आणि १३ ही १९ ला (एससीके). पाच व्होल्ट ७ आणि २० या दोन पायांवर, ग्राउंड ८ आणि २२ वर. सीरियल जोडणीत एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला द्यावा लागतो, हे ज्याला नुकतेच समजले आहे, तो येथे मोसी आणि मिसोचीही अदलाबदल करतो. नवे ज्ञान लगेच वापरून पाहण्याची ओढ कौतुकास्पद आहे. परंतु मोसी मोसीलाच जाते.

चिपवरची खाच वरच्या बाजूला धरली, की तिच्या डावीकडचा पहिला पाय हा १ क्रमांक, आणि मोजणी तिथून डावी बाजू उतरून उजवीकडून वर चढते. चिप उलटी बसवली, तर प्रत्येक भोकात चौदा अंकांनी पुढचा किंवा मागचा पाय येतो. या चिपमध्ये ८ आणि २२ हे दोन्ही पाय ग्राउंडचेच असल्याने उलटेपणीही ग्राउंड अगदी बरोबर जागी पडते. पाच व्होल्ट मात्र एआरईएफ नावाच्या पायावर आणि एका सामान्य पोर्टच्या पायावर जातात. लगेच धूर निघेलच असे नाही, त्यामुळे प्रयोगकर्ता चिपऐवजी संगणकाकडे रागाने पाहत राहतो.

येथून दोषशोधनाचा खरा विधी सुरू होतो. त्यात संशयाचा क्रम परंपरेने ठरलेला आहे. पहिला संशय चिपवर घ्यावा : ती नकली आहे. दुसरा ड्रायव्हरवर, कारण बोर्डावर सीएच३४० ही यूएसबीची चिप आहे आणि त्याच्याविषयी काहीबाही ऐकलेले असते. तिसऱ्या पायरीवर संगणक बंद करून चालू करावा. चौथ्या पायरीवर पुण्यातल्याने तपकीर गल्लीत आणि मुंबईतल्याने लॅमिंग्टन रोडवर जाऊन दुसरी चिप आणावी. तिच्याबाबतही पडद्यावर लाल संदेशच आला, की दुकानातला सगळा लॉटच खराब असल्याचा निष्कर्ष काढावा. तारेवर संशय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो, कारण ती वरून धडधाकट दिसते. जंपर वायरीचे प्लॅस्टिक शाबूत राहून आतले तांबे तुटलेले असू शकते, ही गोष्ट मल्टिमीटरच्या एका बीपने कळते. पण बीप ऐकण्याची वेळ चौथ्या पायरीनंतरच येते. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींच्या कडेच्या वीजपट्ट्या मधोमध तोडलेल्या असतात. तिथली छापील लाल रेघही तुटलेली दिसते, पण ती पाहण्यासाठी ब्रेडबोर्डाकडे पाहावे लागते.

हा क्रम अंगवळणी पडल्यावर संगणकाच्या पडद्यावरचे लाल संदेश वाचण्यास हरकत नाही. ते एव्हीआरड्यूड या प्रोग्रॅमचे असतात. सर्वांत प्रसिद्ध संदेश ‘नॉट इन सिंक’ हा होय. त्याचा सरळ अर्थ असा, की संगणकाचे मधल्या ऊनोशीच बोलणे झालेले नाही. कोऱ्या चिपपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते, त्यामुळे हा संदेश पाहून चिप बदलणे हा शुद्ध अन्याय आहे. तरीही चिपा बदलल्या जातात त्या याच संदेशावर.

कारण बहुतेक वेळा एकच असते. संगणकाने पोर्ट उघडताच ऊनो स्वतःला रिसेट करतो. नेहमीच्या अपलोडसाठी ही मोठी सोय आहे, कारण रिसेटनंतर काही क्षण बूटलोडर जागा असतो आणि नवा मजकूर घेतो. पण इथे संगणकाला भेटायचे असते प्रोग्रॅमरच्या स्केचला, आणि दारात उभा असतो बूटलोडर. स्केच १९,२०० च्या गतीने बोलते, ऊनोचा बूटलोडर १,१५,२०० च्या. दोघांची भाषा एकच असून वेग वेगळा असल्याने कोणाचेच कोणाला कळत नाही. उपाय म्हणून ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. पांढऱ्या पट्टीचा पाय ग्राउंडला. रिसेटचा झटका तो गिळतो. मात्र तो स्केच चढवल्यानंतरच लावायचा. आधी लावला तर स्केचच चढत नाही, आणि प्रयोगकर्ता पुन्हा ड्रायव्हरच्या पायरीवर जातो.

कपॅसिटर जागी असूनही तोच संदेश येत असेल, तर मेनू पाहावा. चढवायच्या स्केचचे नाव ‘आर्डुइनोआयएसपी’, पण प्रोग्रॅमर म्हणून निवडायचे ते ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’. त्याच यादीत ‘आर्डुइनोआयएसपी’ हेही नाव असते आणि ते एका निराळ्याच उपकरणाचे आहे. ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो, तिने अनेकांचे रविवार सत्कारणी लावले आहेत. सीरियल मॉनिटर उघडा राहणे आणि पोर्ट भलताच निवडलेला असणे हे किरकोळ दोष. ते असतात तेव्हा असतातच.

स्केचच्या माथ्यावरच्या सूचनांत तीन एलईडी लावण्याची शिफारस केलेली आहे. ९ क्रमांकाच्या पिनवरचा मंद होत-उजळत राहिला तर स्केच जिवंत आहे, ८ वरचा पेटला तर चूक झाली आहे, ७ वरचा लिखाण चालू असल्याचे दाखवतो. तीन एलईडी आणि तीन रेझिस्टर एवढ्यात अर्धे दोषशोधन आटोपते. म्हणूनच बहुधा ते कोणी लावत नाही.

दुसरा मोठा संदेश चिपच्या ओळखखुणेचा. अटमेगाच्या एव्हीआर कुळातल्या प्रत्येक चिपमध्ये तीन बाइटची सही कोरलेली असते : अटमेगा ३२८पीची १ई ९५ ०एफ, एटीटायनी८५ ची १ई ९३ ०बी. संगणक लिहिण्यापूर्वी ती वाचतो. सगळी शून्ये आली, तर समोरून कोणी बोलतच नाही. येथे मध्यस्थाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आयएसपीच्या नियमाप्रमाणे चिपला एसी ५३ असा आदेश दिला, की तिने ५३ हा बाइट परत उच्चारून होकार द्यायचा असतो. हे स्केच आदेश पाठवते, पण होकार आला की नाही हे पाहतच नाही, आणि संगणकाला कळवते, की सर्व ठीक. लग्न जुळवणारा मध्यस्थ मुलीला न विचारताच वरपक्षाला ‘पसंत आहे’ असे सांगून येतो, त्यातलाच हा प्रकार. खरी स्थिती सही मागितल्यावरच उघडी पडते.

शून्ये दिसली, की वीज, ग्राउंड, रिसेट आणि तीन तारा याच क्रमाने तपासाव्यात. चिपच्या वीजपायांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असलेला बरा. सही १ई ९५ १४ अशी आली, तर मात्र चिप बोलते आहे, फक्त ती ३२८पी नसून तिची ‘पी’ नसलेली बहीण ३२८ आहे. दुकानदाराने फसवले असे नव्हे. पाकिटावरचे शेवटचे अक्षर कोणी वाचले नाही. एव्हीआरड्यूड अशा वेळी सुचवतो, की जोडण्या पुन्हा तपासा, नाहीतर ‘एफ’ हा पर्याय वापरून ही तपासणी ओलांडा. या वाक्याचा पूर्वार्ध न वाचण्याची प्रथा आहे. सगळी शून्ये असताना ‘एफ’ वापरल्याने चिप बोलू लागत नाही. न बोलणाऱ्या चिपवर लिहिण्याचे नाटक तेवढे पूर्ण होते.

यापेक्षा घातक म्हणजे यश. सवयीने बाणाचे नेहमीचे बटण दाबले जाते, कपॅसिटर लावायचा राहिलेला असतो, ‘अपलोड पूर्ण’ असे शब्द येतात आणि एलईडी लुकलुकू लागतो. लुकलुकतो तो ऊनोवरचा. मजकूर मध्यस्थाच्याच पोटात गेलेला असतो आणि प्रोग्रॅमरचे स्केच पुसले गेलेले असते. कोऱ्या चिपसाठी ‘अपलोड युजिंग प्रोग्रॅमर’ हा वेगळा पर्याय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि यू. कपॅसिटर लावलेला असता तर हे चुकीचे अपलोड बहुधा मध्येच अडले असते. एवढ्या एका गुणासाठीही तो लावावा.

आता फ्यूज. हा वितळणारा फ्यूज नव्हे. चिपच्या मूलभूत सवयी ठरवणारे हे काही बिट असतात, आणि त्यांत ० म्हणजे ‘होय’ व १ म्हणजे ‘नाही’. पुसलेल्या फ्लॅश मेमरीत सगळीकडे १ असतात आणि लिहिणे म्हणजे ० करणे, यातून हा उलटा व्यवहार आला आहे. कारखान्यातून निघालेली ३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला आठाने भागून १ मेगाहर्ट्‌झवर चालते. प्रोग्रॅमरचे एससीके घड्याळ चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्श्याहून संथ हवे. सध्याच्या स्केचमध्ये ते सुमारे १६६ किलोहर्ट्‌झ ठेवलेले आहे, म्हणून कोऱ्या चिपला अडचण येत नाही. तिला १२८ किलोहर्ट्‌झच्या घड्याळावर नेऊन ठेवणाऱ्याला मात्र स्केचमधला हा आकडा हाताने खाली आणावा लागतो.

‘बर्न बूटलोडर’ हा आदेश आधी फ्यूज लिहितो आणि नंतर बूटलोडर. ऊनोसाठीच्या फ्यूजमध्ये बाहेरच्या १६ मेगाहर्ट्‌झ क्रिस्टलची सक्ती असते. ९ आणि १० या पायांवर क्रिस्टल नसेल, तर पहिला टप्पा व्यवस्थित पार पडतो, चिपला नवी सवय लागते आणि दुसऱ्या टप्प्याला ती घड्याळाअभावी गप्प होते. प्रयोगकर्ता चिप जळाल्याचे जाहीर करतो. तिला काही झालेले नसते. क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले, की ती उठून बसते. क्रिस्टल हाताशी नसेल तर दुसऱ्या बोर्डाकडून ८ मेगाहर्ट्‌झचा चौकोनी तरंग ९ क्रमांकाच्या पायावर दिला तरी भागते. अर्थात त्यासाठी तिसरा बोर्ड लागतो, आणि इथवर आलेल्या घरात तो असतोच.

रिसेट बंद करणारा फ्यूज ही शेवटची पायरी. आठ पायांच्या एटीटायनी८५ वर एक जास्तीचा पाय वापरायला मिळावा, या मोहाने तो लिहिला जातो आणि नंतर चार तारांच्या पद्धतीने ती चिप उघडत नाही. तिला रिसेटच्या पायावर १२ व्होल्ट देणारी उच्चदाबाची पद्धत लागते. तीही एका ऊनोकडून करून घेता येते, फक्त ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर आणि १२ व्होल्टचा पुरवठा वेगळा जोडावा लागतो. ते १२ व्होल्ट ऊनोच्या पिनला थेट लागू देऊ नयेत, नाहीतर पुढचे दोषशोधन ऊनोचे करावे लागेल.

चिप लिहून झाली, की आधी वीज काढावी, मग चिप उपटावी. पाय वाकू नयेत म्हणून दोन्ही टोकांखाली छोटा स्क्रूड्रायव्हर आळीपाळीने सारावा. ऊनोवर दुसरे काही चढवायचे असेल तर कपॅसिटरही काढून ठेवावा.