पाटी नशिराबादला लावा

मुंबईच्या बड्या लॉ फर्ममधून बाहेर पडायचं, स्वतःची वकिली सुरू करायची, याला हिंमत लागते. पण मग ऑफिस पुन्हा फोर्टातच, नाहीतर पुण्यात? खानदेशातून शिकून गेलेल्या मुला-मुलींनीही तेच करावं, याचा मला राग येतो.

नशिराबादला या. जळगाव-भुसावळ रस्त्यावरचं गाव, जळगावचं जिल्हा न्यायालय हाकेच्या अंतरावर. काम मिळेल का, ही शंका तलाठी कार्यालयाबाहेर एक सकाळ काढली की फिटते. बाप गेला, वारस नोंद नाही. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नाही. हरकत आली, फेरफार तक्रारी नोंदवहीत गेला आणि तिथेच अडकला.

आणि तुमची खास विद्या, ती लवादाची? तीच इथे हवी आहे. महामार्गाच्या तरसोद-चिखली चौपदरीकरणात जमिनी गेल्या. मोबदला कमी वाटला तर राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 च्या कलम 3जी(5) नुसार लवादाकडे दाद मागता येते. लवादाचा निवाडाही पटला नाही तर लवाद व समेट कायद्याच्या कलम 34 खाली जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण तीन महिन्यांत. उशिराचं सबळ कारण दिलं तर फार तर आणखी तीस दिवस. पुढे दार बंद. कंपन्यांसाठी ही मुदत तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाळलीत. इथे शेतकऱ्याला मुदत असते हेच कुणी सांगत नाही, आणि त्याचा हक्क बुडतो.

फर्मचं नाव पाठीशी नसेल, ही धास्ती वाटते? मग आठवा: 1937 साली 31 जुलैला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आले ते स्वतःच्या सनदेवर, कुठल्या फर्मच्या नावावर नव्हे.

पैशांचं खोटं सांगणार नाही. पहिली वर्षं ओढाताणीची जातील. जाहिरात करायला बार कौन्सिलचे नियम आड येतात. साधी पाटी मात्र लावता येते. पण एका वावराचा दावा नीट चालवला, की गावच तुमचं नाव पुढे नेतं.

तेव्हा या. आल्यावर एवढं मात्र कराच: फीची पावती द्या, पुढची तारीख त्याच दिवशी अशिलाला कळवा आणि काम संपलं की त्याचे मूळ कागद त्याच्या हातात परत द्या.