कव्हरवाचनाचे शास्त्र आणि आचार

ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी असते हा समज सर्वसामान्य श्रोत्यांत रूढ असला, तरी श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झालेल्या आणि विजेच्या वाद्यांना फाटा दिलेल्या तबकडीच्या बाबतीत तो टिकत नाही. अशा तबकडीचा खरा भक्त सुई टेकवण्यापूर्वी कव्हर उलटे करतो, चष्मा पुसतो आणि पाठीवरचा बारीक टायपातला मजकूर वाचू लागतो. या मजकुराला येथे सोयीसाठी ‘पाठमजकूर’ म्हटले आहे. त्यात रचनांची नावे, रचनाकार, वादक, मुद्रणाचे स्थळ आणि दिनांक एवढे येते. क्वचित एखाद्या जाणकाराने लिहिलेले रसग्रहणही असते, परंतु ते वाचण्याची प्रथा नाही, कारण त्यात भांडण्याजोगे काही सापडत नाही. पाठमजकुराचे अध्ययन करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही त्या मैफलीला हजर नसतो, आणि या शास्त्राचा उगम नेमका त्या गैरहजेरीत आहे: जो हजर होता त्याला कव्हर वाचण्याची गरज भासत नाही, आणि जो नव्हता त्याचे ते वाचून संपत नाही.

नवसाधकाने आरंभासाठी ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ ही १९८१ साली प्रसिद्ध झालेली तबकडी घ्यावी. स्पेनचे पाको दे लुसिया, इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफलिन आणि अमेरिकेचे अल डि मिओला या तिघांनी केवळ तीन गिटारींवर केलेले हे वादन असून त्यात ना तालवाद्य आहे, ना गायन. रचना अवघ्या पाच असल्यामुळे पाठमजकूर आटोपशीर आहे, आणि आटोपशीर मजकुरात शंकेला जागा अधिक मिळते.

प्रथम दिनांकाची शहानिशा करावी. मैफल ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये झाली आणि शीर्षकात शुक्रवार म्हटले आहे. तेव्हा तो दिवस खरोखर शुक्रवार होता की नाही हे साधकाने स्वतः पडताळून पाहावे, प्रकाशकाच्या शब्दावर विसंबू नये. महाराष्ट्रात ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघत असल्याने १९८० सालची प्रत एखाद्या जुन्या घरात खिळ्याला लटकलेली मिळण्याची शक्यता असते. तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असला तरी वार वाचता येतो आणि तो शुक्रवारच निघतो. येथे कच्चा साधक समाधान पावून पुढे जातो. पक्का साधक मात्र सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई या दोन शहरांतील साडेतेरा तासांचे अंतर मोजतो आणि सॅन फ्रान्सिस्कोत शुक्रवारी रात्रीचे आठ वाजले तेव्हा मुंबईत शनिवारची सकाळ होऊन साडेनऊ झाले होते, अशी टीप जोडतो. ही टीप निरुपयोगी आहे. तरीही चर्चेत ती वेळीच टाकल्यास समोरचा पक्ष काही काळ निरुत्तर होतो, हे तिचे शास्त्रीय मूल्य होय.

यानंतर येणारा दिशाविचार या शास्त्राचा गाभा असल्यामुळे त्याला अधिक वेळ द्यावा लागतो. ध्वनीचा काही भाग डाव्या आणि काही भाग उजव्या कर्ण्यातून सोडण्याच्या व्यवस्थेला स्टिरिओ म्हणतात. या तबकडीच्या पाठमजकुरात कोणता वादक कोणत्या बाजूने ऐकू येईल हे नोंदवण्याची दक्षता घेतली आहे: तिघे एकत्र वाजवतात तेव्हा पाको डावीकडे, मॅक्लॉफलिन मध्यभागी आणि डि मिओला उजवीकडे. वरवर पाहता ही माहिती वाद मिटवणारी आहे. प्रत्यक्षात तिने जितके वाद निर्माण केले तितके दुसऱ्या कशानेही केले नसतील, कारण ती श्रोत्याने हेडफोन सुलटे घातले आहेत असे गृहीत धरते. हेडफोनच्या कानांवरील ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरे काळ्यावर काळ्या रंगात कोरण्याची कारखानदारांची रीत असल्याने ती दिव्याखाली तिरपी धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि ज्या अभ्यासकाने ती कधीच पाहिली नाहीत तो वर्षानुवर्षे डि मिओलाच्या ताना पाकोच्या नावावर जमा करत राहतो. अशा अभ्यासकाशी वाद घालताना त्याच्या रसिकतेवर शंका घेऊ नये. फक्त त्याचे हेडफोन पाहायला मागावेत.

ज्यांना कव्हरवरही भरवसा ठेवायचा नाही आणि कारखानदारावरही नाही, त्यांच्यासाठी कानाचा मार्ग उपलब्ध आहे, जरी तो शेवटचा उपाय मानला जातो. पाको दे लुसिया हे फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाच्या गीत-नृत्य-वादनपरंपरेतले वादक असून ते नायलॉनच्या तारा उघड्या बोटांनी छेडतात. तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून चालवत एकेक स्वर सुटा काढण्याच्या त्यांच्या तंत्राला ‘पिकादो’ म्हणतात, आणि त्यातला प्रत्येक स्वर गोल पण ठाशीव उमटतो. डि मिओला पोलादी तारांवर प्लेक्ट्रम, म्हणजे बोटांत धरलेली लहान चकती, वापरतात. शिवाय ते पुष्कळदा तळहाताची कड तारांच्या मुळाशी टेकवून नाद दाबून धरतात, त्यामुळे त्यांच्या द्रुत ताना खणखणीत वाजण्याऐवजी टपटपत येतात. मॅक्लॉफलिनही प्लेक्ट्रमच वापरतात, पण त्यांची ओळख आघातावरून पटण्यापेक्षा वाक्यरचनेवरून पटते: ते समेवर येण्याचे आश्वासन देतात आणि पुष्कळदा ते लांबणीवर टाकतात. या खुणा एकदा कानात बसल्या की कव्हर न पाहता तिघे वेगळे करता येतात. मात्र ही क्षमता प्राप्त झालेल्या साधकाने ती उघड करू नये; कव्हर न पाहणाऱ्याला या वर्तुळात नास्तिक समजले जाते.

रचनाकारांच्या नावांकडे वळल्यास पहिल्याच ओळीत ‘मेडिटरेनियन सनडान्स’ आणि ‘रिओ आंचो’ ही दोन शीर्षके मध्ये तिरपी रेघ देऊन जोडलेली आढळतात. पहिली रचना डि मिओलांच्या १९७७ च्या ‘एलिगंट जिप्सी’ या तबकडीतली, तर दुसरी पाकोंच्या ‘अल्मोरायमा’मधली असून येथे त्या एकमेकींत विरघळल्या आहेत. रेघेच्या नेमक्या कोणत्या क्षणी एक संपून दुसरी सुरू होते हा प्रश्न उपस्थित करता येतो आणि करावाच, कारण त्याचे उत्तर मिनिटे-सेकंदांत देण्याच्या नादात प्रतिपक्षाची संध्याकाळ निघून जाते. ‘फँटसिया स्वीट’ ही रचना डि मिओलांनी १९७८ च्या ‘कसिनो’ तबकडीसाठी दोन गिटारींकरिता रचली होती आणि शीर्षकातही तसे म्हटले होते. सॅन फ्रान्सिस्कोत ती तीन गिटारींवर वाजली आणि शीर्षकातल्या ‘दोन गिटारी’ निमूटपणे गळून पडल्या. ‘शॉर्ट टेल्स ऑफ द ब्लॅक फॉरेस्ट’पुढे रचनाकार म्हणून चिक कोरिया यांचेच नाव आहे, परंतु वादनाच्या मध्येच ही रचना वाजवणारे दोघे वादक हेन्री मॅन्सिनी यांच्या ‘पिंक पँथर’ची सुप्रसिद्ध धून वाजवू लागतात आणि सभागृह हसते. कव्हरवर मॅन्सिनींचा उल्लेख नाही. पाठमजकूर हसण्याची नोंद घेत नाही, हे साधकाने येथे शिकून घ्यावे.

आणि आता पाचव्या रचनेकडे वळले पाहिजे, जिच्यामुळे कित्येक स्नेहसंबंध दुरावले असावेत. ‘गार्डियन एंजल’ ही मॅक्लॉफलिन यांची सुमारे चार मिनिटांची रचना तिघांनी वाजवली आहे, परंतु पाठमजकूर लक्षपूर्वक वाचणाऱ्याला असे आढळते की ती त्या रात्री वॉरफिल्डमध्ये मुद्रित झालेलीच नसून न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स येथील मायनॉट साउंड या स्टुडिओत मुद्रित झाली आहे. म्हणजेच ‘सॅन फ्रान्सिस्कोतील शुक्रवारची रात्र’ या नावाखाली विकल्या गेलेल्या तबकडीचा पाचवा भाग सॅन फ्रान्सिस्कोतला नाही, शुक्रवारचा असल्याचा पुरावा नाही, आणि स्टुडिओच्या खोलीला खिडकी नसते हे लक्षात घेता रात्रीचा तरी आहे की नाही हेही ठरवता येत नाही. कर्मठ साधक चौथी रचना संपताच सुई उचलतात. समन्वयवादी म्हणतात की मैफलीअखेर भैरवी असते तशी ही भैरवी मानावी. त्यावर कर्मठांचे उत्तर असे की भैरवी गाण्यासाठी कोणताही गवई मैफल अर्धवट सोडून चार हजार किलोमीटरवर जात नाही. या वादात कोणाचीही बाजू घेण्याचे प्रस्तुत मार्गदर्शिकेला प्रयोजन नाही, तरी कर्मठांचे चार मिनिटांचे नुकसान होते एवढे नोंदवणे भाग आहे, कारण रचना चांगली आहे.

प्राथमिक अभ्यास झाल्यावर मॅक्लॉफलिन यांच्याच आधीच्या ‘शक्ती’ या समूहाची पहिली तबकडी घ्यावी. ती ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील साउथॅम्प्टन कॉलेजात श्रोत्यांसमोर मुद्रित होऊन पुढील वर्षी प्रसिद्ध झाली. तबल्यावर माहीमला वाढलेले झाकीर हुसेन असल्यामुळे मराठी साधक या तबकडीकडे घरचे कार्य असल्याप्रमाणे पाहतो आणि तपशिलात हमखास चुकतो. पहिला सापळा शंकर या नावाचा आहे: येथील व्हायोलिनवादक एल. शंकर हे सतारवादक रविशंकरही नव्हेत आणि पुढे ‘रिमेंबर शक्ती’ या समूहात गायलेले शंकर महादेवनही नव्हेत. दुसरा सापळा संख्येचा आहे. ‘शक्ती’ हा चौघांचा समूह म्हणून ओळखला जातो, तथापि या पहिल्या तबकडीवर घटमवादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर मृदंगमवर आर. राघवनही आहेत, आणि पाचवे नाव पाहून कव्हर नकली असल्याचा निष्कर्ष घाईने काढू नये. मॅक्लॉफलिन यांच्या गिटारीला नेहमीच्या सहा तारांखेरीज तिरप्या बसवलेल्या अनुनादी तारा आहेत. सतारीच्या तरफा ज्याने पाहिल्या आहेत त्याला त्यांचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. सुमारे एकोणतीस मिनिटांच्या अखेरच्या रचनेचे शीर्षक इतके लांब आहे की ते कव्हरवर दम घेत वाचावे लागते, आणि त्याच्या शेवटी ‘ऑल इज ब्लिस’ हे शब्द दोनदा येतात. हा मुद्रणदोष नव्हे. ध्रुवपद दोनदा म्हणण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे सांगावे लागू नये, तरीही पुरवणी टीप म्हणून सांगावे.

‘अकूस्टिक’ म्हणजे वाद्याच्या स्वतःच्या पोकळीतून, विजेच्या मदतीवाचून येणारा नाद, ही व्याख्या पाठमजकुराच्या वाचकाला तोंडपाठ असावी. ती लागू करण्याचा हट्ट मात्र धरू नये. निर्वाणा या समूहाची ‘एमटीव्ही अनप्लग्ड इन न्यूयॉर्क’ ही १८ नोव्हेंबर १९९३ ला मुद्रित झालेली तबकडी या दृष्टीने बोधप्रद आहे, कारण शीर्षकाचा अर्थच ‘प्लग काढलेले’ असा असून समूहातल्या कर्ट कोबेन यांची १९५९ सालची मार्टिन गिटार मुळातच विद्युत पिकअपसह बनवलेली होती आणि ती अँप्लिफायरला जोडलेली होती, जो मंचावर एका खोट्या खोक्यात दडवण्यात आला होता. लिली आणि मेणबत्त्यांच्या आरासीत तो कोणाला दिसला नाही. ती गिटार २०२० साली लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली, तेव्हा खोके सोबत दिले की नाही अशी पृच्छा एखाद्या शुद्धतावाद्याने केली असल्यास ती शास्त्राला धरूनच म्हणावी लागेल.

सामाजिक आचाराविषयी थोडक्यात सांगायचे तर, पाहुण्याने तबकडी लावण्याची विनंती केल्यास त्याच्या हाती आधी कव्हर द्यावे आणि तो वाचत असताना त्याच्या डोळ्यांची हालचाल पाहावी. तो थेट समोरच्या छायाचित्राकडे वळला तर त्याला चहा देऊन मार्गस्थ करावे. कव्हरवर अंगठा टेकवू नये. भिंग जवळ ठेवावे, कारण अखेरच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले क्रमांक पाठमजकुराचाच भाग मानणारा एक कडवा पंथ आहे आणि त्याचा अनुयायी कधी घरी येईल हे सांगता येत नाही.

शेवटी एका नव्या अडचणीची पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. ५ डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे शनिवारी, याच त्रयीचे याच सभागृहात पुन्हा वादन झाले होते. डि मिओलांकडे राहिलेल्या फितींवरून ते मुद्रण ‘सॅटर्डे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ या नावाने २०२२ साली प्रसिद्ध झाले. चार दशके शुक्रवारवर प्रभुत्व मिळवलेल्या अभ्यासकांना त्यामुळे शनिवारचा पाठमजकूर पहिल्या ओळीपासून वाचावा लागत असून, २००१ सालची ‘रिमेंबर शक्ती’ची ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ ज्यांच्या संग्रही आहे त्यांनी दोन शनिवारांची सरमिसळ टाळण्यासाठी दोन्ही कव्हरे वेगवेगळ्या फडताळांत ठेवावीत. ५ डिसेंबर १९८० ची रात्र मुंबईपुरती शनिवारचीच होती, असा दावा ज्यांनी पूर्वी चर्चेत केला असेल, त्यांनी तो तूर्त मागे घ्यावा.