लसावि सर

आमच्या आळीत शिकवणी घेणाऱ्या सरांचं खरं नाव विचाराल, तर बापलेक दोघेही डोकं खाजवतील. दोघांनाही शिकवलंय त्यांनीच, पण नाव एकच ठाऊक: लसावि सर. अपूर्णांकाचं समीकरण दिसलं की सरांच्या अंगात येतं.

"एक्स छेद तीन अधिक एक्स छेद चार बरोबर सात. आधी काय?"

"लसावि!"

"किती?"

"बारा!"

"बारानं गुणायचं कुणाला?"

इथे वर्ग चिडीचूप. कारण डावी बाजू गुणून चार एक्स, तीन एक्स झाले, की आमच्यातला कुणीतरी (बहुधा मीच) उजवीकडचा सात तसाच ठेवायचा. एक्स बरोबर एक! सर खडू खाली ठेवत. "पंगतीत एका रांगेला वाढलंस आणि दुसरीसमोरून रिकामं पातेलं नेलंस? त्या सातानं तुझं काय घोडं मारलं होतं?" साताचे चौऱ्याऐंशी व्हायचे, एक्स बारा यायचा. तरी सुटका नाही. ताळा! बारा छेद तीन चार, बारा छेद चार तीन, बेरीज सात. मग खाली दोन रेघा. बरोबरची चिन्हं ओळंब्यात नसली, तर बरोबर गणितावरही काट.

वाणी पाऊण किलो डाळीचे पैसे पाऊणकीच्या जोरावर तोंडी सांगतो. सर तोच हिशेब पुडीच्या कागदावर पायरीपायरीनं करतात, मागे रांग लागते. उत्तर तेच येतं. "आलं, पण दाखवलं नाहीस," असं त्या वाण्यालाच सुनावून येतात.

एकदा त्यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या भुंग्यांचं गणित घातलं. पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, उरला एक. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, समजा पंधरा. तीन, पाच, सहा, उरला एक. झालं!"

आधी संख्या धरायची आणि मग जुळवायची, ही खुद्द भास्कराचार्यांचीच रीत, नाव इष्टकर्म. सरांना ते पक्कं ठाऊक होतं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"त्यांना चालेल," शेवटी म्हणाले. "त्यांना बोर्डाची परीक्षा नव्हती. तुला पायऱ्यांचे मार्क कोण देणार?"

त्या सहामाहीत माझं उत्तर चुकलं. तीनपैकी दोन मार्क मिळाले.