खिशातली बॅटरी आणि जावयांचं संशोधन

स्टॉकहोम,
२५ जून

ती. आप्पा आणि ती. आईस,


"बॅटरी पाठव, खिशात मावेल अशी. बास." आप्पा, तुम्ही एवढंच म्हणालात, पण म्हणालात ते जावयांना. मला म्हणाला असतात तर तासाभरात काम झालं असतं. आता आमच्या घरी आयोगच बसलाय. जेवणाच्या टेबलावर तक्ते पसरलेत, त्यात प्रत्येक बॅटरीला वजन, लांबी आणि उजेडाचे गुण दिलेत. तुमचा नातू दिसेल त्या वस्तूचे ल्युमेन विचारतो. काल त्याला फ्रिजमधल्या दिव्याचे हवे होते.

पहिली पंचाईत अशी की इथे सध्या अंधारच मिळत नाही. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेतीनला पुन्हा दारात हजर होतो. मधल्या वेळातही आभाळ पुरतं काळं होत नाही. हीच मागणी तुम्ही डिसेंबरात केली असतीत तर दुपारी पावणेतीनलाच सूर्यास्त, लागेल तेवढा अंधार! शेवटी चाचणीसाठी आम्ही तिघं इमारतीच्या तळघरात गेलो. तिथले दिवे माणूस हलला की आपोआप लागतात. म्हणजे अंधार हवा असेल तर हलायचं नाही. आम्ही भिंतीला पाठ लावून गप्प उभे राहिलो. दिवा विझला. तुमचे जावई बटण दाबायला हात उचलतात, तोच वरचा दिवा फटकन लागतो. असं बराच वेळ चाललं. अखेर नुसता अंगठा हलवायची कला यांना साधली, आणि नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या आजी धुण्याची टोपली घेऊन खाली आल्या. धुण्याची खोली तिथेच असते ना. दिवे लागले, तर समोर तीन माणसं भिंतीला चिकटून उभी. इथली माणसं चौकशा करत नाहीत. त्या "हेय" म्हणाल्या आणि धुणं तसंच घेऊन परत वर गेल्या.

आता मुद्द्याचं. जावयांची पहिली पसंती होती १८६५० नावाच्या सेलवर चालणारी बॅटरी. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. जात लिथियम आयन. आपल्या पेन्सिल सेलच्या मापाच्या चार्जिंगच्या सेलपेक्षा यात साधारण पाचपट ऊर्जा मावते, हे खरंच आहे. यांचा युक्तिवाद तर त्याहून भारी. म्हणे, लिथियम आयनच्या शोधाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही आपल्याच गावात. निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकशास्त्राचं मिळालं, आणि त्या निळ्या एलईडीवर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड होतो. म्हणजे दिव्यालाही नोबेल आणि सेललाही नोबेल. "पेन्सिल सेलला कुणी काय दिलंय?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पेन्सिल सेल कोयनानगरच्या किराणा दुकानात मिळतो. नोबेलवाला सेल आषाढात, कुंभार्ली घाटात दरड आलेली असताना, आप्पांना कोण आणून देणार?

यावर थोडा वेळ शांतता होती.

ऑनलाइन मागवावा म्हटलं, तर ९,९०० एमएएच क्षमता असा छाप मारलेले सेल विकायला असतात. चांगल्या कंपनीचा १८६५० साधारण ३,५०० च्या आसपास थांबतो, तेव्हा तो ९,९०० चा आकडा वाचूनच दुकान बदलावं.

मग नातवाने २,००० ल्युमेनची मागणी लावून धरली. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. पण खिशात मावणारी एवढीशी वस्तू इतका उजेड टाकायला लागली की मिनिटा-दोन मिनिटांत हाताला चटका देते आणि स्वतःच उजेड उतरवते. खोक्यावर छापलेला आकडा त्या पहिल्या मिनिटाचा असतो. मीटरचंही तसंच. "उजेड २०० मीटर जातो" याचा अर्थ तेवढ्या लांब पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो. त्या चांदण्यात गवा आहे की दगड, हे ओळखणं तुमच्यावर सोडलेलं असतं. आणि आपल्याकडे जुलैत अंगणातली तुळस दिसत नाही इतकं धुकं! धुक्यात झगझगीत बॅटरी मारली की सगळा उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. तिथे जमिनीकडे धरलेला मवाळ उजेडच कामाचा.

रंगाबद्दल मात्र जावयांचं म्हणणं मला पटलं. निळसर पांढऱ्या उजेडात पालापाचोळा, माती आणि घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. किंचित पिवळट, रंग खरे दाखवणारा एलईडी घेतला तर पानावरचं फुरसं वेळेत ओळखू येतं. त्यात दोन-चार ल्युमेन कमी मिळाले तरी चालतील. गोठ्याकडे जाताना पायाखालचं दिसलं म्हणजे झालं.

त्यानंतर यांनी तडजोड म्हणून एक सेल काढला, आणि तिथे मला खरी धडकी भरली. १४५०० म्हणतात त्याला. दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, तेवढाच जाड, जवळजवळ तेवढाच लांब. फरक एवढाच की पेन्सिल सेल दीड व्होल्टचा आणि हा ३.७ चा, पूर्ण चार्ज केला की ४.२. आता आप्पा, आपल्या घरातली सेलची वहिवाट मला ठाऊक आहे. रेडिओतला सेल भिंतीवरच्या घड्याळात जातो, घड्याळातला रिमोटमध्ये, आणि रिमोट चालेनासा झाला की तुम्ही तो तळहातावर दोनदा आपटता. त्या फेऱ्यात हा १४५०० शिरला तर घड्याळाचे कायमचे बारा वाजतील. मी तो तक्त्यातून खोडून टाकला.

आणि वाळवण. आई गच्चीवर सांडगे घालते, त्याच कापडाच्या कोपऱ्यावर तुम्ही मेलेले सेल ओळीने मांडता. साध्या कार्बन-झिंकच्या सेलला ऊन लागलं की आतल्या क्रियेला जरा जोर येतो आणि तो घटकाभर पुन्हा पेटतो, म्हणून ती युक्ती इतकी वर्षं चालून गेली. लिथियमच्या सेलला मात्र ऊन हे औषध नाही. तो तापून फुगतो, बिघडतो, आणि फारच बिनसलं तर पेट घेतो. हे ऐकल्यावर तुमच्या जावयांनी स्वतःहून तक्ता मिटला.

आमच्या शेजाऱ्यांना या सगळ्याचं नवल वाटत नाही, हे विशेष. इथल्या सरकारने २०१८ साली आणि पुन्हा २०२४ च्या नोव्हेंबरात घरोघरी एक पुस्तिका पाठवली. संकट किंवा युद्ध आलं तर घरात काय काय असावं, हे त्यात लिहिलंय. पाणी, टिकाऊ अन्न, सेलवरचा रेडिओ आणि अर्थातच बॅटरी. ती वाचताना मला तुमची उशी आठवली. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. तुम्ही तेव्हा शाळकरी. आजोबांनी अंधारात चाचपडत सगळ्यांना बाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून आपल्या घरात उशाला बॅटरी असल्याशिवाय कुणी झोपलेलं नाही. पुढे तुम्ही पोफळीच्या भुयारी वीजगृहात नोकरी केलीत, १,९६० मेगावॅटच्या प्रकल्पाची वीज राज्यभर गेली, आणि इकडे पहिल्या वळवात तारेवर फांदी पडली की आई कंदिलाची काच पुसायला घेते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या घरी मीटरवर मोजता येईल.

तर निकाल असा. एका पेन्सिल सेलवर चालणारी, बोटापेक्षा जराशी लांब, खिशाला अडकवायची क्लिप असलेली, पाण्यात पडली तरी चालणारी बॅटरी घेतली आहे. बटण शेपटाला, साधं, टक् वाजणारं. एकदा दाबलं की मंद उजेड. लुकलुकणारा प्रकार मुळातच नाही, कारण आईने चुकून दोनदा बटण दाबलं आणि गोठ्यात डीजेची मिरवणूक सुरू झाली, तर म्हैस दूध चोरेल. बॅटरीसोबत चार चार्जिंगचे सेल येताहेत, निकेल मेटल हायड्राइड जातीचे. हे १.२ व्होल्टचेच असतात, पण बॅटरीला त्याने काही फरक पडत नाही. पूर्वीचे असले सेल महिन्या-दोन महिन्यांत पडल्या पडल्या उतरायचे. २००५ साली सान्योने एनेलूप काढला, तेव्हापासून वर्षभर कपाटात राहिला तरी बहुतेक चार्ज टिकवणारे सेल मिळू लागले. आपले त्याच पद्धतीचे आहेत. हे चारही उतरले आणि वीज आली नाही, तर दुकानातला पेन्सिल सेल घाला. लाल-काळा साधा असेल तर मंद उजेडावरच वापरा, झगझगीत लावलात तर तो लगेच मान टाकेल.

गणपतीला आमच्या ओळखीचं एक कुटुंब कराडला येतंय, त्यांच्याबरोबर पाठवते. जावई मात्र स्वतःसाठी १८६५० वाली घेऊनच बसलेत. दिवाळीत येताना तिचे सुटे सेल हातातल्या बॅगेत आणावे लागतील, कारण चेक-इनच्या सामानात ते चालत नाहीत. तुम्हाला ती दाखवतील, कौतुक करा, पण ठेवून घेऊ नका.

दोनच गोष्टी सांभाळा. पावसाळा संपला आणि बॅटरी कपाटात गेली की आतला सेल काढून ठेवा, विशेषतः दुकानातला असेल तर. आतून पाझरला की स्प्रिंग खाऊन टाकतो. आणि आई, चार्जिंगचे चारही सेल तुझ्या ताब्यात राहू देत. आप्पांना ते सांडग्यांच्या कापडावर मांडू देऊ नकोस.

तुमची,
ताई