मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे

अनंतकाळ सांभाळण्याचे काम अमेरिकेत साधारणपणे महिन्यातून एकदा, एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात चालते. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात गावोगावी ‘लँड ट्रस्ट’ असतात आणि दोन-तीन नद्यांचे खोरे मिळून एखादा प्रादेशिक ट्रस्ट असतो. सडबरी, असाबेट आणि काँकर्ड नद्यांच्या खोऱ्यात काम करणारा, १९५३ साली स्थापन झालेला ‘सडबरी व्हॅली ट्रस्टीज’ हा त्यातलाच. रान, दलदल, गवताळ माळ बिल्डरच्या घशात जाऊ द्यायचे नाहीत, हे या संस्थांचे काम. मोठ्या ट्रस्टांकडे पगारी माणसे असतात, पुष्कळशा लहान ट्रस्टांकडे तीही नसतात. शेवटचा शब्द मात्र दोन्हीकडे बिनपगारी संचालक मंडळाचाच. मंडळात निवृत्त शिक्षिका असते, वकील असतो, वटवाघळांविषयी न विचारता माहिती देणारे एक गृहस्थ असतात, आणि एक खजिनदार असतो. यांची मुदत बहुधा तीन वर्षे, आणि यांनी दिलेला शब्द कायमचा. हे प्रमाण हास्यास्पद वाटते खरे. तरीही माझे म्हणणे असे, की कायमचे काही राखायचे असेल तर याहून बरी माणसे मिळणार नाहीत, आणि त्याचे कारण त्यांची दूरदृष्टी नसून त्यांचा किरकिरेपणा आहे.

दूरदृष्टीचा माणूस या कथेत आहे, पण तो फार लवकर रंगमंचावरून जातो. चार्ल्स एलियट हा हार्वर्डच्या अध्यक्षांचा मुलगा, पेशाने भूदृश्यरचनाकार. बॉस्टनजवळच्या वेव्हर्ली येथील जुनाट ओक वृक्षांची काळजी वाटून त्याने १८९० साली एका नियतकालिकात सुचवले, की ग्रंथालये पुस्तके सांभाळतात, संग्रहालये चित्रे सांभाळतात, तशी सुंदर जमिनी सांभाळणारी संस्था हवी. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला आणि आज ‘ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. पहिली जमीन एका आईने आपल्या दिवंगत मुलीच्या नावाने दिली. १८९५ साली इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट निघाला, तोही हाच कित्ता पुढे ठेवून. ज्या ओकांसाठी हा खटाटोप झाला ते मात्र शेवटी सरकारी उद्यान आयोगाकडे गेले, आणि एलियट १८९७ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. संस्थेकडे आज शंभराहून अधिक ठिकाणे आहेत. म्हणजे द्रष्ट्याच्या वाट्याला सहा वर्षे आली. उरलेली सव्वाशेहून अधिक वर्षे इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी काढली, आणि त्यांचा पुतळा कुणी उभारत नाही.

किरकिरेपणा कशासाठी लागतो, हे या व्यवहाराचे यंत्र उघडून पाहिल्यावर कळते. ट्रस्ट दर वेळी जमीन विकत घेतोच असे नाही. पुष्कळदा तो मालकाशी संवर्धनाचा करार करतो: जमीन तुमचीच, पण तिचे प्लॉट पाडण्याचा आणि तिथे इमारती उठवण्याचा हक्क तुम्ही सोडायचा. करार नोंदवला जातो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो. बदल्यात करसवलत मिळते. २०२०च्या गणनेनुसार सगळ्या ट्रस्टांनी मिळून राखलेली जमीन सुमारे ६ कोटी १० लाख एकर भरते. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ चार-पंचमांश. आता करार करणारा मूळ मालक सहसा काही मोडत नाही, त्याला त्या जमिनीचा जिव्हाळा असतो. गडबड करतो तो नंतर विकत घेणारा. त्याला तिथे पोहण्याचा तलाव हवा असतो, आणि कागद आपण वाचलाच नव्हता असे तो प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून दरवर्षी कुणीतरी गोचिड्या झटकत हद्द चालायची, फोटो काढायचे, मूळ अहवालाशी ताडायचे आणि नवी शेड दिसली की पत्र लिहायचे. या कामाला कवी उपयोगाचा नाही. गृहनिर्माण सोसायटीतले ते काका आठवा, ज्यांना कुणी गॅलरीत किती कुंड्या वाढवल्या हे तोंडपाठ असते. त्यांना चारशे एकरांचे जंगल द्या, ते शंभर वर्षे टिकेल.

यावर मराठी वाचक म्हणेल, की एवढ्या सभा कशाला? आमच्या देवराया देवाने एकट्याने राखल्या. फांदी तोडली तर कोप होईल एवढे पुरे होते, कोरमची गरज पडली नाही. मुद्दा बिनतोड होता, श्रद्धा शाबूत होती तोवर. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाच कितीतरी रायांवर कुऱ्हाड पडत होती. लाकडाला भाव आला की देव समजूतदार होतो. वकिलाचे तसे नाही, आणि म्हणूनच ट्रस्टांनी कोर्टकज्जांच्या खर्चासाठी स्वतःच्याच मालकीची ‘टेराफर्मा’ नावाची विमा संस्था काढली, जी २०१३पासून चालू आहे.

दुसरा आक्षेप असा की हा श्रीमंतांचा करबचतीचा खेळ आहे. होताही. गुंतवणूकदारांनी टोळीने जमीन घ्यायची, तिची किंमत वाटेल तशी फुगवायची, करार दान करायचा आणि घातलेल्या पैशाच्या कित्येक पट वजावट मागायची, असा धंदा वर्षानुवर्षे चालला. पण २०२२च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने गुंतवणुकीच्या अडीच पटीवरची अशी वजावट बंद केली, आणि त्यासाठी हट्ट धरणाऱ्यांत ट्रस्टांचा स्वतःचा महासंघच होता. आपल्याच क्षेत्राची तक्रार आपणच करायची, हे किरकिऱ्या माणसालाच जमते. घरांची टंचाई असलेल्या गावात आजच्या म्हाताऱ्यांनी उद्याच्या पोरांचे हात बांधावेत का, हा आक्षेप मात्र खरा जड आहे, आणि तो सभाशास्त्राने सुटत नाही. काही ट्रस्ट आता परवडणाऱ्या घरांवाल्यांबरोबर बसून कुठे राखायचे आणि कुठे बांधू द्यायचे हे ठरवतात. उशिरा का होईना, बसतात.

राहता राहिली सभांची लांबी. त्याचा दोष हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याला द्यावा. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्याच न्यू बेडफर्ड गावी त्याला अचानक एका सभेचे अध्यक्ष केले गेले, आणि सभा कशी चालवतात हे ठाऊक नसल्याने त्याची फजिती झाली. युद्धकाळातला हा सैनिक एका सभेने इतका हादरला, की १८७६ साली त्याने सभानियमांचे पुस्तकच काढले. आजही अमेरिकन मंडळे त्याचा हवाला देत उपसूचनेवर उपसूचना मांडतात. नवे सभासद या प्रकाराला कंटाळून पळतात, तरुण तर दारातूनच, आणि जागा भरणे हा प्रत्येक मंडळाचा कायमचा विषय होऊन बसतो. त्यावरची तोड मात्र पुष्कळ संस्थांच्या घटनेत आधीच लिहिलेली असते: उत्तराधिकारी निवडला जाईपर्यंत पदाधिकाऱ्याने पदावर राहावे. या कलमाचा लाभ सर्वांत जास्त खजिनदाराला होतो.