तीनशे चोपन्न रुपयांचा दावा

बचत खात्यात पैसे कमी पडले म्हणून बँक त्याच खात्यातले पैसे कापते. ज्याच्याकडे नाहीत त्याच्याचकडून घ्यायचे, ही युक्ती ज्याला सुचली त्याला दाद द्यायलाच हवी. पासबुकात तीनशे रुपयांची एक ओळ उमटते आणि तिच्याखाली अठरा टक्के जीएसटीची चोपन्न रुपयांची दुसरी. म्हणजे कडकी ही आता करपात्र सेवा झाली. ग्राहक तावातावाने तक्रार करतो, ‘आकारणी नियमानुसार आहे’ असं बँकेचं थंडगार उत्तर येतं आणि प्रश्न पडतो: पुढे भांडायचं की सोडून द्यायचं? माझ्या मते याचा निकाल ना रकमेवर लावावा, ना तत्त्वावर. तो कागदावर लावावा.

रकमेकडे बघणारे म्हणतात, एवढ्याशा पैशांसाठी कोण हेलपाटे घालणार? बँकही नेमकं हेच गृहीत धरून बसलेली असते. २०१८ पासूनच्या पाचेक वर्षांत सरकारी आणि मोठ्या खासगी बँकांनी किमान शिल्लक नसल्याबद्दल २१ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले, असं सरकारनेच २०२३ मध्ये राज्यसभेत सांगितलं. यात ‘जाऊ दे ना’ म्हणणाऱ्यांचा वाटा मोठा असणार. शिवाय हेलपाटे आहेतच कुठे? बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवस थांबायचं, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जायचं, फी शून्य. तिथे जमलं नाही तर ग्राहक आयोग आहे. एवढ्याशा दाव्याला तिथेही फी नाही आणि वकिलाची सक्तीही नाही. क्रम मात्र उलटा करू नये, कारण प्रकरण आयोगापुढे असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अर्ज घरातूनच जात असेल तर चढायला पायरीच उरत नाही.

आता कागद. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार बँकेने आधी कळवायचं, महिनाभराची मुदत द्यायची, जेवढी तूट त्या प्रमाणातच दंड लावायचा आणि निव्वळ या दंडापायी शिल्लक उणे होऊ द्यायची नाही. आपला खातेउतारा यापुढे धरावा. एसएमएस आलाच नसेल किंवा खातं उण्यात गेलं असेल तर बेलाशक पुढे जावं. एसएमएस आला होता, मुदतही मिळाली होती आणि आपण तो कर्जाच्या जाहिरातींबरोबर पुसून टाकला, असं असेल तर मुकाट्याने थांबावं.

राहिले तत्त्ववाले. बँकेने ‘सदिच्छा म्हणून’ पैसे परत केले तरी त्यांना चूक कबूल करून हवी असते. त्यांना एवढंच सांगावं की, जीएसटीसकट पूर्ण रक्कम आली असेल तर घ्या आणि मिटवा. कबुलीजबाब काही खात्यात जमा होत नाही, आणि झालाच तर त्याने किमान शिल्लक भरेल याचा भरवसा नाही.