कृमीला गुदगुल्या

भुवईचा एक केस उपटायचा, टूथपिकच्या टोकाला चिकटवायचा आणि मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या अंगाला हळूच लावायचा. डोक्याकडे लावला तर तो मागे सरकतो, शेपटीकडे लावला तर पुढे पळतो. ढिम्म हलला नाही, तर मात्र शास्त्रज्ञाला आनंद! मार्टिन चाल्फी १९७७ साली केंब्रिजला गेले आणि या उद्योगाला लागले. मुलगा केंब्रिजला असतो, इथपर्यंत स्थळ उत्तम; पुढे 'तिथे करतो काय?' असं कुणी विचारलं तर मध्यस्थाची पंचाईत.

केंब्रिजला हा कृमी आणला तो जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनरनी. चेतासंस्था घडते कशी हे पाहायचं, तर माणसाच्या मेंदूपाशी सुरुवात करणं म्हणजे ओनामा येत नसताना ज्ञानेश्वरी उघडणं. त्यांनी १९६३ च्या सुमारास मातीतला एक सूत्रकृमी निवडला. अंग पारदर्शक, पिढी तीन-साडेतीन दिवसांत तयार, आणि चेतापेशी मोजून ३०२. जनुकं बिघडवायची आणि काय बिघडतं ते बघायचं, ही त्यांची रीत. कुठला कृमी वेडावाकडा चाले, कुठला बुटका राही. चाल्फींनी त्यातले गुदगुल्या न होणारे गोळा केले.

वरवर एकसारखे दिसणारे हे कृमी एकाच कारणानं निगरगट्ट झालेले नव्हते. हलका स्पर्श ओळखायला कृमीकडे फक्त सहा पेशी. एखाद्यात त्या जन्मालाच येत नाहीत. एखाद्यात येतात, पण 'मेक-३' जनुक बिघडल्यामुळे आपण स्पर्शपेशी आहोत याचा त्यांना पत्ताच नसतो. आणखी एखाद्यात सगळं जागच्या जागी असतं, पण 'मेक-४' बिघडलेलं. या जनुकाच्या प्रथिनापासून पेशीच्या पडद्यात सोडियमची एक वाट तयार होते. स्पर्श झाला की ती उघडते. पेशी जन्मणं, तिला ओळख मिळणं आणि तिनं काम करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मठ्ठ कृमींमुळे एकेका जनुकानिशी दाखवता आलं.

हेच चाल्फी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात प्रयोगशाळेत राबले होते. सगळे प्रयोग फसले. आपल्याला हे जमायचं नाही असं ठरवून त्यांनी घरच्या धंद्यातले झगे विकले, शाळेत शिकवलं, आणि मग पुन्हा एका प्रयोगशाळेत डोकावले. कॉलेजातल्या निकालावर माणसाचा कायमचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या मंडळींना हे कोणीतरी ऐकवायला हवं.

१९८९ साली एका व्याख्यानात त्यांनी जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाबद्दल ऐकलं. पुढचं व्याख्यान म्हणे त्यांच्या कानांत शिरलंच नाही. कृमी पारदर्शक, हा दिवा त्याच्या स्पर्शपेशीत लावला तर जिवंतपणीच बाहेरून दिसेल! डग्लस प्रॅशर या शास्त्रज्ञानं त्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं होतं. त्यांनी ते पाठवून दिलं. १९९४ साली चमकत्या चेतापेशी 'सायन्स'च्या मुखपृष्ठावर झळकल्या. त्या लेखात चाल्फींना पत्नी टल हेझलरिग यांच्या अप्रकाशित कामाचा उल्लेख करायचा होता. त्याही शास्त्रज्ञच. त्यांनी लेखी परवानगी दिली, पण अटींवर: काही महिने शनिवारी सकाळची कॉफी, एकदा खास फ्रेंच जेवण आणि रोज रात्री कचरा बाहेर. इतका स्वच्छ संशोधन-करार माझ्या पाहण्यात नाही.

२००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दिव्याला मिळालं, चाल्फींसोबत शिमोमुरा आणि त्सिएन या शास्त्रज्ञांनाही. स्टॉकहोमचा फोन आला तेव्हा चाल्फी झोपेत होते. घंटेचा आवाज बारीक केलेला. यंदा कुणाला मिळालं ते बघावं म्हणून उठल्यावर संगणक उघडला, तर यादीत स्वतःचंच नाव. त्याच सुमारास प्रॅशर अलाबामात एका मोटारविक्रेत्याची व्हॅन चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना सपत्नीक, स्वखर्चानं स्टॉकहोमला नेलं. नेलं हे चांगलंच केलं. पण व्हॅनची नोकरी कुणाच्याही मनाला टोचावी अशीच आहे.

जन्म घालवला स्पर्शामागे, पारितोषिक मिळालं उजेडाला. स्पर्शाचं नोबेल २०२१ साली ज्युलियस आणि पटापूटियन यांना गेलं. त्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त पाठ्यपुस्तकात त्वचेचा धडा लिहिणाऱ्यांनी कृमीच्या त्या सहा पेशींना दोन ओळी द्याव्यात, एवढीच विनंती.